साडूंच्या जीपमधला पिवळा दिवा

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी यंत्रांना माझ्या थोरल्या साडूंइतका जीव लावणारा आणि त्या जिवाची इतकी वाईट परतफेड झालेला दुसरा माणूस सापडणार नाही. सापडलाच, तर त्याने मंचरला माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन तसं सिद्ध करावं. सोमवारी दुकान बंद असतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला निमगाव सावाला, शेती कांद्याची आणि थोड्या डाळिंबाची, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, उंची बेताची, मिशा भरघोस, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर. हा स्क्रू फिरवण्यासाठी आहे असा तुमचा समज झाला असेल तर तो स्वाभाविक आहे, पण चूक आहे. तो ऐकण्यासाठी आहे. चालू यंत्राला टोक लावायचं, मूठ कानाला टेकवायची, डोळे मिटायचे, आणि चेहरा असा करायचा की शेजारी उभ्या असलेल्या माणसाने आपोआप चपला काढाव्यात.

आमच्या वास्तुशांतीला पंगत बसली आणि साडूंचं पान रिकामं दिसलं. शोधत गेलो तर हे स्वयंपाकघरात, नव्या कोऱ्या फ्रिजला कान लावून उभे. मला बघून हळूच म्हणाले, "पावणं, ही नाराज हाय." त्या दिवशी घरात नाराज असण्याचा हक्क असलेल्या बायका बऱ्याच होत्या, म्हणून मी विचारलं, कोण? "ही. आतनं कण्हतीय." साडूंच्या जगात बैल सोडला तर चालणारी प्रत्येक गोष्ट बाईमाणूस असते. आणि यंत्र बिघडतं हे त्यांना मुळातच मान्य नाही. यंत्र रुसतं, मनाला लावून घेतं, अबोला धरतं; बिघडतो तो माणूस. चौथ्या दिवशी फ्रिज बंद पडला, तेव्हा माझ्या बायकोने मला सांगितलं की दाजींनी नजर लावली. मी तसं काही मानत नाही, पण नंतर मिक्सर घेतला तो साडू येणार असले की कपाटात ठेवतो.

माणसांनाही त्यांच्या स्क्रूड्रायव्हरपासून सुटका नाही. मागे मला छातीत जरा धडधडलं म्हणून नारायणगावच्या दवाखान्यात गेलो, साडू सोबत होते. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. बाहेर बाकावर बसल्यावर साडूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या सदऱ्यावर, नेमका बरगड्यांच्या मधे टेकवला. मी श्वास रोखून बसलो. समोरच्या बाकावरची बाई उठून लांब जाऊन बसली. बऱ्याच वेळाने साडू म्हणाले, "आयडलिंग चांगलं हाय. चढाला दम खाईल." चढाला मी दम खातो हे खरं आहे, पण ते ऐकायला कान लावावा लागत नाही, पोट दिसतं. अंतरसुद्धा ते किलोमीटरमध्ये नाही, गिअरमध्ये सांगतात. भीमाशंकर किती लांब, असं पाहुण्यांनी विचारलं की म्हणतात, "घोडेगावपातूर चौथा, म्होरं तिसरा-दुसरा, आन् शेवटाला ती म्हनंल त्यो." पाहुणे मान डोलावतात आणि रस्ता दुसऱ्या कोणालातरी विचारतात.

आता पोळ्याचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथून आला. साडूंची बैलजोडी होती तोवर पोळ्याला शिंगं रंगवावीत ती साडूंनीच, अशी निमगावात ख्याती होती. शिंगांना आधी घासून पुसून हिंगूळ, वर बेगड, टोकाला गोंडा. हात असा चाले की बैलसुद्धा मान हलवत नसे. पुढे नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायला लागली, बैल म्हातारे झाले आणि गेले. त्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला साडू रंगाचा डबा घेऊन रिकाम्या गोठ्यात बराच वेळ नुसते उभे होते, असं अक्का सांगते. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेव्हणी. मीही तिला अक्काच म्हणतो. मग साडू गोठ्यातून बाहेर आले आणि समोर दिसेल ते रंगवायला बसले. विहिरीवरची मोटर, कडबाकुट्टी, फवारणीचा पंप, एवढंच नाही तर अक्काच्या शिलाई मशीनचं चाक. तो हिंगूळ वाळायच्या आत अक्काने माझ्या बायकोचं पोलकं शिवायला घेतलं. ते पोलकं आजही आमच्या घरी आहे आणि माझ्या सासरच्या माणसांविषयी बोलायची वेळ आली की मी ते काढून दाखवतो. सगळ्यात मोठा मान जीपचा. बंपरला गोंडे, बॉनेटवर झूल, आरशांना घुंगुरमाळा, अशी सजवून तिला गावाच्या मिरवणुकीत नेली. जुन्या माणसांनी थोडी कुरकुर केली, मग शेवटच्या बैलाच्या मागे उभं राहायला परवानगी दिली. मारुतीसमोर बैलांनी मान लववली तेव्हा साडूंनी दोनदा हॉर्न वाजवला. पुरणपोळीचा घास बॉनेटवर ठेवला, तो कावळ्याने नेला. साडूंच्या मते जीपने खाल्ला.

या जीपच्या काट्यांच्या फळीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं ना, तो. मला ते चित्र नळाच्या तोटीसारखं दिसतं, अक्काला चहाच्या किटलीसारखं आणि साडूंना बसलेल्या बैलासारखं. इंजिनात कुठेतरी काहीतरी खटकतंय, दाखवून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. साडूंनी बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर लावला, ऐकलं आणि निकाल दिला, "ती खूश हाय. दिवा खोटारडा हाय." पण दिवा खोटारडा असला तरी डोळ्यांत खुपत होता. अक्काला प्रवासात झोप लागते, आणि झोपण्याआधी ती कपाळाची टिकली काढून समोर फळीवर चिकटवते, घरी आरशावर चिकटवते तशी. अक्काची टिकली मोठी, मरून रंगाची. एकदा अक्का झोपलेली असताना साडूंनी ती टिकली उचलली आणि दिव्यावर लावली. अगदी मापाची बसली.

जाग आल्यावर अक्काने विचारलं, "हितं टिकली कशापायी?"

"गाडीला दिष्ट लागू नाय म्हनून," साडू म्हणाले.

अक्काला ते इतकं आवडलं की तिने माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, आणि माझ्या बायकोने मला, अशा सुरात की बघा, बायकोच्या टिकलीची किंमत काही पुरुषांना असते. पुढे चार महिने, टिकलीचा गोंद सुकला की अक्का स्वतःच्या पाकिटातली नवीन टिकली काढून तिथे लावत होती.

श्रावणात मुरबाडला एका भाचीच्या मुलीचं बारसं होतं. माळशेज घाटात, ऐन धुक्यात, जीपने एक लांब सुस्कारा सोडला आणि ती थांबली. बॉनेटमधून वाफ निघाली ती धुक्यात मिसळली, त्यामुळे नेमकं किती बिघडलंय हेही दिसेना. साडू मदत आणायला ट्रकमध्ये बसून गेले. अक्का पैठणीवर प्लॅस्टिकचा कागद पांघरून रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. तो घाट पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्यांनी भरलेला असतो. एक गाडी थांबली, काच खाली झाली. "मावशी, कणीस कसं दिलं?" अक्काने नुसतं बघितलं. दुसरी गाडी थांबली, तोच प्रश्न. तिसऱ्या गाडीला अक्का म्हणाली, "संपली."

दोन तासांनी साडू एका मेकॅनिकला घेऊन आले. त्याने चावी फिरवली, फळीकडे बघितलं, आणि नखाने टिकली काढली. "दिवा पेटलाय की राव," तो म्हणाला. "कवापासनं?"

अक्काने ती टिकली मेकॅनिकच्या बोटावरून आपल्या बोटावर घेतली, बघितली, आणि पाकिटात ठेवली. पाणी हळूहळू गळत होतं, इंजिन तापत होतं, दिवा तेच ओरडून सांगत होता, आणि आपण दर पंधरवड्याला स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडावर हात ठेवत होतो, हे तिला तिथे त्या दगडाशेजारी कळलं. बारसं राहिलं. टेम्पोच्या मागे बांधलेल्या जीपमधून घरी येईपर्यंत ती बोलली नाही. घरी उतरल्यावर एकदाच बोलली. "त्यो दिवा इझल तवा मी हिच्यात बसंन. आन् त्यो आपसूक इझला पायजे."

अक्का वर्षाला एखादीच गोष्ट ठरवते, पण ती ठरते.

जुनं इंजिन फुटलं होतं, त्यात जीव राहिला नव्हता. साडूंनी चाकणच्या पलीकडच्या भंगारातून तशाच एका अपघातातल्या जीपचं चांगलं इंजिन शोधून आणलं, नव्या इंजिनाची नोंद कागदावर करून घेतली, आणि अंगणातल्या कडुनिंबाला साखळी बांधून ते टांगलं. जुळून असं आलं की दुसऱ्या दिवशी पोळा होता. मी गेलो तेव्हा झाडाला इंजिन लटकलेलं आणि साडू समोर पाटावर बसून त्याला रंग देतायत. काळं झालेलं लोखंड सगळं चंदेरी, आणि जे जे कुठे बाहेर आलेलं, शिंगासारखं निघालेलं, त्याला हिंगूळ. मी विचारलं, भाऊ, हे बॉनेटखाली जाणार, बघणार कोण? साडू ब्रश न थांबवता म्हणाले, "परक्या घरनं आलीय, पावणं. तशीच कशी आत घ्यायची?" एक हात झाला, वाळला, दुसरा हात झाला.

इंजिन बसवलं, चावी फिरवली, पहिल्या फटक्यात सुरू झालं. साडूंनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मलाही कान लावून बघावासा वाटला. "सनई," ते म्हणाले. अक्का ओवाळायचं ताट घेऊन दारात आली होती. ती पायरी उतरून जीपच्या दारापाशी आली, आत वाकून फळीकडे बघितलं, आणि ताट तसंच घेऊन घरात परत गेली. पिवळा बैल बसलेलाच होता.

इथून पुढे जवळजवळ वर्षभर जे चाललं ते आळेफाट्याच्या स्टँडवर अजून सांगितलं जातं. अक्काचं, म्हणजे माझ्या बायकोचंही, माहेर माळशेजच्या अलीकडे मढला. आमचे सासरे तिथे एकटेच असतात आणि कोणाकडे राहायला यायला तयार नाहीत, म्हणून अक्का दर पंधरा दिवसांनी जाऊन येते. आता ती एसटीने जायला लागली. आणि एसटीच्या मागे, वीस पावलांचं अंतर राखून, रिकामी जीप घेऊन साडू. एसटी थांबली की जीप थांबणार, एसटी निघाली की जीप निघणार. आळेफाट्याला अक्का गाडी बदलायची, जीपसुद्धा पुढची गाडी बदलायची. ओतूरला बस जरा जास्त थांबते. तिथे साडू खाली उतरून खिडकीतून पाण्याची बाटली वर द्यायचे. अक्का बाटली घ्यायची, आणि त्याच खिडकीतून फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या खाली द्यायची. बोलणं काही नाही. कंडक्टर सुरुवातीला हसायचे, मग त्यांना सवय झाली. "ताई, तुमचं मालक फाट्यावर मागं राहिलं, थांबू का?" असं एकदा एकाने विचारलं. अक्का म्हणाली, "थांबा वाईच." अख्खी एसटी थांबली. हे मला कंडक्टरनेच सांगितलं. अक्का कधी सांगायची नाही.

इकडे दिवा काही विझेना. साडूंनी नारायणगाव, जुन्नर, आळेफाटा इथली गॅरेजं पालथी घातली. हल्ली गाडीला यंत्र जोडतात, ते वाचून सांगतं की बिघाड कुठे आहे. पहिल्या ठिकाणी यंत्र म्हणालं, हवा मोजणारा सेन्सर खराब. साडूंनी तो बदलला. दिवा तसाच. दुसऱ्या ठिकाणी ते म्हणालं, पाण्याचा सेन्सर. बदलला. तिसऱ्या ठिकाणी डिझेलचा. तोही बदलला. चौथ्या ठिकाणी पुन्हा हवेचा. साडू म्हणाले, "अवो, ह्यो तर नवा हाय." गॅरेजवाला म्हणाला, "मशीन सांगतंय." साडूंनी स्क्रूड्रायव्हर काढून त्या मशीनला लावला आणि ऐकलं. "ही बी नाराज हाय," ते म्हणाले, आणि निघून आले. नंतर एका संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले, तपासणीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पावणं, दिवा गाडीत हाय का माज्या डोळ्यात, ते आदी बघा." मी गंभीरपणे दोन्ही डोळे तपासले. डोळ्यांत दिवा नव्हता. जवळचं मात्र दिसत नव्हतं, पण चष्म्याचं नाव काढल्यावर ते म्हणाले, कानानं भागतंय.

त्या दिवशी मी एक गोष्ट बोललो ती मला इथे लिहायलाच हवी. माझा स्वभाव थोडा खोडकर आहे, आणि दुसऱ्याच्या संसारातल्या अडचणीवर सोपा उपाय सुचवण्यात वेगळीच मजा असते. मी म्हटलं, "भाऊ, एवढं काय त्यात? मागून फळी उघडायची, बल्ब काढून टाकायचा. विझला की विझला. अक्काला काय कळतंय?" साडू खुर्चीतच बसून होते. समोर अक्षरांचा तक्ता होता, त्याच्या खालच्या बारीक ओळीकडे बघत होते, जी त्यांना दिसत नव्हती हे मला पक्कं माहीत होतं.

"आळेफाट्याच्या गॅरेजवाल्यानं बी हेच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "पाच मिंटाचं काम म्हनला." मग म्हणाले, "एकदा केलंय, पावणं. तिच्याच टिकलीनं केलंय."

मी तक्त्यावरचा दिवा बंद केला. त्यानंतर चहा आला, आम्ही तो प्यायलो आणि कांद्याविषयी बोललो.

मंचरमध्ये माझ्या दुकानामागच्या गल्लीत गाड्यांचं वायरिंग करणारा एक माणूस आहे. माझ्याच वयाचा, अत्यंत कमी बोलणारा. त्याने त्याच आठवड्यात माझ्याकडून जवळचं बघायचा चष्मा करून घेतला होता, त्यामुळे पुढे जे घडलं त्याचं निम्मं श्रेय मी घेतो आणि घेत राहीन. साडूंना मी त्याच्याकडे नेलं. साडूंनी घाट, टिकली, इंजिन, सगळे सेन्सर असं सगळं क्रमाने सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. त्याने आपलं यंत्र जोडलंच नाही. बॉनेट उघडलं, नवा चष्मा नाकावर सरकवला, आत वाकला, बराच वेळ वाकून राहिला, आणि वर न बघता विचारलं, "रंग कोनी दिला?"

"मी," साडू म्हणाले. छाती जरा फुगली. "दोन हात."

वायरमनने बोट लावून दाखवलं. सगळ्या सेन्सरांची मिळून एकच बारीक तार होती, तिचं टोक इंजिनाच्या एका लोखंडी कानावर पक्कं आवळलेलं होतं. कान हिंगुळाने लालभडक. "ही अर्थिंगची तार," तो म्हणाला. "लोखंडाला लोखंड भिडाया पायजे. मधी तुमचा रंग हाय, त्याच्यातनं करंट धड जात नाय. रोज येगळाच सेन्सर बोंबलतोय ना? मंग सेन्सरांत काय नाय. त्यांच्या पायाखालची जागाच धड नाय."

त्याने पॉलिश पेपर काढला आणि बंदा रुपया मावेल एवढी जागा घासून पांढरी केली. साडू त्या खाली पडणाऱ्या लाल पुडीकडे बघत होते. शिंग म्हणून त्यांनी ज्याला सगळ्यात जास्त जपून रंग दिला होता तेच ते. तार पुन्हा आवळली. वायरमन म्हणाला, "मशीन लावून आत्ताच इझवून देऊ का?"

"आपसूक इझल का?" साडूंनी विचारलं.

"इझल. तीन-चार बारी चालू-बंद हुईल, नीट चालंल, तिची खातरी पटंल, मंग."

"मंग नको."

मंचरहून निमगावपर्यंत मी शेजारी बसून गेलो. दर काही अंतरावर साडू गाडी बाजूला घेत, बंद करत, थोडं थांबत, पुन्हा सुरू करत. पहिल्यांदा दिवा तसाच. दुसऱ्यांदा तसाच. नारायणगाव ओलांडल्यावर एका रसवंतीपाशी त्यांनी चावी फिरवली, इंजिन लागलं, आणि फळीवर त्या जागी काळोख झाला. साडूंनी हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "पावणं, तुमी बघा. तुमचा डोळ्याचा धंदा हाय." मी वाकून बघितलं आणि सांगितलं की विझलाय. त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. दोन ग्लास रस घेतला, आणि अर्धा तसाच ठेवून निघालो.

अक्का अंगणात धान्य पाखडत होती. साडू नुसतं "बघ" म्हणाले आणि बाजूला उभे राहिले. अक्काने सूप ठेवलं, हात झटकले, जीपचं दार उघडलं आणि आधी फळीवर त्या जागी नख फिरवलं. काही चिकटवलेलं आहे का, ते बघितलं. पदराने पुसलं. मग म्हणाली, "लावा चालू."

साडूंनी चावी फिरवली आणि तो पिवळा दिवा, स्वच्छ, ठळक, पूर्वीपेक्षा तेजस्वी, लागला. अक्काने पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला. साडूंचा हात चावीवर तसाच थिजला. मला कळलं काय होतंय ते, कारण प्रत्येक गाडीत तसंच होतं. चावी फिरवली की सगळे दिवे एकदा लागतात, आणि इंजिन सुरू झालं, सगळं ठीक असलं, की विझतात. पण मी बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी गप्प बसलो अशा मोजक्या वेळा आहेत, त्यांतली ही एक. साडूंनी चावी पुढे फिरवली. इंजिन लागलं. तीन सेकंदं गेली असतील. दिवा विझला.

"हे असंच असतंय," साडू हळू आवाजात म्हणाले. "आदी लागतो. मंग इझतो."

अक्का विचार करत होती. "म्हंजी दिवा हाय," ती म्हणाली. "काढल्याला न्हाई."

"न्हाई."

मी कडुनिंबाकडे बघायला लागलो. अक्का आत चढली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मढला जाऊन येऊ."

यंदाच्या पोळ्याला साडूंनी पुन्हा बॉनेट उघडून इंजिन रंगवलं, रुपयाएवढी ती एक जागा सोडून. डबा अक्काने धरला होता. सासऱ्यांकडे आता ते दोघं जीपनेच जातात, कधीकधी मागच्या सीटवर मी असतो. दर वेळी चावी फिरवली की बोलणं थांबतं. दोघंही पुढे फळीकडे बघतात, दिवा लागतो, इंजिन लागतं, दिवा विझतो, मग अक्का म्हणते, "चला." पस्तीस वर्षांच्या संसारात या दोघांनी दिवसातून इतक्या वेळा एकदम एकाच गोष्टीकडे याआधी कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. मलाही आता सवय झाली आहे. घरी माझ्या गाडीतही मी तेवढा वेळ थांबतो. शेजारी बायको फोनवर बोलत असते.

परवा मढवरून पुढे घाट बघायला गेलो. धुकं होतं. त्या वळणावर साडूंनी न सांगता गाडी बाजूला घेतली. दगड तिथेच होता, आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद पांघरून एक बाई बसली होती, समोर शेगडी. अक्काने काच खाली केली. "मावशी, कणीस कसं दिलं?" बाईने सांगितलं. अक्का थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हायेत तेवढी समदी द्या." आम्ही तिघं, कणसं अकरा. मी मोजत नव्हतो, ती मांडीवर माझ्याच होती. साडूंनी चावी फिरवली. काचेवर वाफ धरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं, आत फक्त तो एक पिवळा दिवा. अक्काने हातातलं कणीस तसंच धरून ठेवलं.

"चला," ती म्हणाली.